एकाआड एक

बैठकमास्तर हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. परीक्षेला कुठलं पोर कुठल्या बाकावर बसायचं हे आमच्या शिक्षण कचेरीत तो ठरवायचा, म्हणून ते नाव चिकटलं आणि पुन्हा सुटलं नाही. बायको होती तोवर तीसुद्धा चिडली की त्याच नावानं हाक मारायची. मूळचा तो गणिताचा शिक्षक. एका साली एका शाळेत वर्गच्या वर्गानं एका गणितात एकच चूक केली, तीही अशी की आपापल्या डोक्यानं कुणाला सुचणार नाही. तेव्हा बैठका लावायला म्हणून त्याला कचेरीत आणला, तो तिथंच मुरला. माणूस बैलाच्या खुंट्यासारखा, वाळका आणि ताठ. कानावर पेन्सिल. वरच्या खिशात खोडरबर, पण त्या रबराचे चारही कोपरे शाबूत. खोडायची वेळच यायची नाही त्याच्यावर.

त्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. परीक्षेला आमच्याकडे एका बाकावर दोन वेगळ्या इयत्तांची पोरं बसवायचे, म्हणजे एकमेकांचं बघून उपयोग नाही. पण शेजारी थोरला भाऊ आला की धाकट्याचा पेपर सुटलाच म्हणून समजा. त्यावर मास्तरचा उपाय होता. तो आधी अख्ख्या शाळेची पोरं घराप्रमाणे लावायचा. एका घरातली एकाखाली एक, मग शेजारचं घर, मग त्याच्या पलीकडचं, अशी सगळी गल्ली. आणि मग पत्ते वाटावेत तशी वाटायचा, एक या खोलीत, दुसरं त्या खोलीत. एकाआड एक. एका ताटात जेवणारी दोन पोरं त्याच्या हातून एका खोलीत गेली, असं कधी झालं नाही. आपल्या नात्यातलं पोर यादीत आलं तर त्या ओळीवर तो फूटपट्टी आडवी ठेवायचा आणि डोळ्यांनी न बघता नुसतं मोजून पुढं सरकायचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, हसा, पण माझ्यावर उद्या कुणी बोट दाखवणार नाही.

मग साथ आली आणि शाळांना कुलपं लागली. पोरं घरी, शिक्षक घरी, आणि मधे फोन. ज्याच्या घरी एकच फोन, तिथं त्याच्यावरून मारामाऱ्या. बरेच महिने असे गेल्यावर वरून हुकूम आला की शाळा उघडा, पण अर्ध्याच. निम्म्या पोरांनी आठवड्याचे पहिले तीन दिवस शाळेत यायचं, निम्म्यांनी शेवटचे तीन. जी घरी असतील त्यांनी त्या दिवशी तोच वर्ग फोनवर बघायचा. बाकावर एक पोर, गाडीत एका सीटवर एक पोर. आमच्या हद्दीतल्या सगळ्या शाळांचा हा आराखडा आमच्या कचेरीनं बसवायचा होता. गट पाडायचं काम अर्थातच मास्तरकडं आलं. गाड्यांचं मी बघत होतो. माझं टेबल त्याच्या टेबलाला लागूनच.

आम्ही शाळाशाळा हिंडलो. टेप लावून खोल्या मोजल्या, फरशीवर खडूनं फुल्या मारल्या, वर्षानुवर्षं रंग थापून बसलेल्या खिडक्या हातोडीनं ठोकून उघडल्या. फोन कुठं ठेवायचा हा सगळीकडं घोळ. फळाही दिसला पाहिजे, बाईही दिसल्या पाहिजेत. एका वर्गात बाईंनी तो पृथ्वीच्या गोलाला रबरबँडनं बांधला होता. झकास बसला होता, पण पंखा लावला की पृथ्वी हळूहळू फिरायची आणि घरी बसलेल्या पोरांना फळ्याऐवजी भिंत दिसायची. मॅडमनी, म्हणजे आमच्या कचेरीच्या प्रमुखांनी, त्याचीही नोंद घेतली. गोल स्थिर करावा.

मास्तरची धाकटी बहीण त्याच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. तो तिला चिमी म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच चिमी म्हणायची. तिचा नवरा बोटीवर आचारी होता आणि त्या बोटीला साथीमुळे कुठलंच बंदर जवळ येऊ देत नव्हतं. माणूस समुद्रात अडकलेला. ही शिलाईच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. पदरी दोन पोरं. थोरली पाचवीत, तिला मधूनच फीट यायची, त्यामुळं तिला एकटं सोडायची सोय नाही. बारका दुसरीत. त्याला एकटा सोडला तर त्याचं काही बिघडणार नाही, पण घर जागेवर राहील याची खात्री नाही. एकदा त्यानं पडदा पेटवून पाहिला होता, विझतो का ते बघायला. शाळा होती तोवर हे सगळं जमून जायचं. शाळा बंद झाली तशी तिची हजेरीही बंद झाली, आणि त्या दिवसांत दुसऱ्याची पोरं घरात घ्यायला शेजारीपाजारीही तयार नव्हते.

आता कारखानाही अर्धा चालू होत होता. कामगारांच्या दोन टोळ्या, एक पहिले तीन दिवस, दुसरी शेवटचे तीन दिवस. इकडची बाई तिकडं जायची नाही. चिमीची जागा मुकादमानं धरून ठेवली होती, पण शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारपर्यंत तू कुठल्या टोळीत ते सांग, नाहीतर दुसरी बघतो, असं त्यानं बजावलं होतं.

एका रविवारी मी मास्तरकडं गेलो होतो, तेव्हा ती दारात बसून थोरलीच्या गणवेशाची दुमड उसवत होती. पोरं बंदच्या काळात बोटभर वाढली होती.

"दादा," ती म्हणाली, "पोरांचे दिवस ठरवताना माझ्या दोघांचे एकच असू देत. पहिले का शेवटचे, मला काही देणंघेणं नाही. मला वशिला नको तुझा."

मास्तर चहा फुंकत होता. "येडी का काय? एका घरातली पोरं कोण वेगळी करतंय?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तोही ते खरंच समजून बोलला होता. चिमी निश्चिंत झाली. तिनं दुमड सोडून खाली नवी टीप घातली, आणि बारक्याला उभा करून त्याची चड्डी मापून घेतली.

आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत मास्तरनं याद्या पुढं ओढल्या, कानावरची पेन्सिल काढली, आणि पोरं घराप्रमाणे लावायला घेतली.

कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्याच्या हाताला दुसरं माहीतच नव्हतं. यादी समोर आली की हात आपोआप एका घरातली पोरं एकाखाली एक लावायचा आणि एकाआड एक वाटून टाकायचा. चालत्या बैलाला सवयीच्या वाटेवर हाकावं लागत नाही. स्वतःच्या भाचीची ओळ आली तशी त्यानं फूटपट्टी ठेवली. भाचा तिच्याच खाली, तोही फूटपट्टीखाली. मोजून पुढं गेला.

काम झालं ते देखणं झालं. प्रत्येक वर्ग बरोब्बर निम्मा, प्रत्येक गल्ली बरोब्बर निम्मी. माझ्या गाड्या तर अशा भरल्या की एक सीट वाया नाही. मॅडमनी ते पाहिलं, दोघा तपासणाऱ्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. कुणालाच काही खटकलं नाही. आम्ही सगळे परीक्षेतले जुने लोक, भावंडं वेगवेगळ्या गटांत दिसली की आम्हाला उलट बरं वाटायचं. आराखडा वर गेला, शिक्का बसून आला, शाळांच्या फाटकांवर लागला. वरच्या साहेबांनी फोन करून मॅडमचं कौतुक केलं आणि मॅडमनी आम्हाला सगळ्यांना चहा पाजला, आपापल्या टेबलाशी, लांब लांब बसवून.

शाळा सोमवारी उघडायची होती. गुरुवारी चिमी कचेरीत आली. बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही म्हणून दारात दोरी बांधली होती, तिच्या पलीकडं उभी राहिली. तोंडाला मास्क, हातात पिशवी. मास्तर उठून दारापर्यंत गेला.

ती शांतच होती. म्हणाली, फाटकावरची यादी बघून आले, थोरली पहिल्या तीनात पडलीय आणि बारका शेवटच्या तीनात. कुठंतरी चूक झालीय, बघ.

"छापणाऱ्यानं घोळ घातला असेल," मास्तर म्हणाला. "थांब जरा."

त्यानं येऊन यादी काढली. फूटपट्टी न ठेवता ती ओळ त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वाचली असेल. मग त्याच्या वरचं घर वाचलं. मग खालचं. मग पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग दुसऱ्या शाळेची यादी ओढली. त्याचा हात कानावरच्या पेन्सिलीकडं गेला आणि तिथंच राहिला. मी विचारलं, काय झालं मास्तर? त्यानं यादी माझ्याकडं सरकवली.

मला कळायला वेळ लागला, कारण मलाही ती बरोबरच दिसत होती. मग डोक्यात उजेड पडला. जिथं जिथं दोन पोरं होती, तिथलं एक सोमवारी जाणार आणि दुसरं गुरुवारी. म्हणजे रोज घरातनं एक पोर बाहेर, रोग आत यायला सहाही दिवस दार उघडं. आणि रोज एक पोर घरात, म्हणजे आई नाहीतर बाप सहाही दिवस बांधलेला. दोन गट ज्यासाठी पाडायचे, त्याच्या बरोब्बर उलटं झालं होतं. डोळे मिटून चिठ्ठ्या उडवल्या असत्या तरी निम्मी घरं आपोआप वाचली असती. मास्तरच्या कसबानं एकही वाचू दिलं नव्हतं.

दारात चिमी उभीच होती. मास्तर तिच्याकडं गेला आणि म्हणाला, "तू घरी जा. मी बघतो."

"शनिवार आहे हं दादा," एवढंच बोलून ती गेली.

मग त्यानं त्या नव्या कोऱ्या खोडरबराला हात घातला. उपाय कागदावर सोपा होता. एका वर्गातली दोन धाकटी पोरं आपसात बदलली की दोन्ही घरं जुळायची. त्यानं जेवणाचा डबा उघडला नाही, आणि चिमीच्या पोरांच्या शाळेची सगळी यादी संध्याकाळच्या आत उलटीची सुलटी केली. माझ्या गाड्या मात्र बिघडत होत्या. एका गल्लीतली पोरं आता सारखी वाटली जात नव्हती, एका दिवशी सीट कमी पडत होत्या, दुसऱ्या दिवशी रिकाम्या. मी म्हणालो, मार्ग वळवू, दोन दिवस दे, बसवतो. बसलंही असतं.

मॅडमना नेऊन दाखवलं. त्यांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. आमच्यासमोरच वरच्या साहेबांना फोन केला. बराच वेळ त्याच ऐकत होत्या. मधेमधे नुसतं हो सर, हो सर. फोन ठेवून म्हणाल्या, शिक्का बसलेला आराखडा आता हलवायचा नाही. कुणाचे कुठले दिवस ते सगळ्यांना फोनवर कळवून झालंय, लोकांनी आपापल्या कामाच्या ठिकाणी सांगून टाकलंय. सोमवारी उघडल्या नाहीत तर वर्तमानपत्रं फाडून खातील. सुधारित आराखडा पाठवा, महिन्याच्या आढाव्यात विचार करू.

"महिन्यानं?" मास्तर म्हणाला.

"माझीही दोन आहेत मास्तर. तीही फुटलीत. कालपासून नवरा माझ्याशी बोलत नाही." त्या हसल्या, पण ते हसू मास्कमधनं बाहेर आलं नाही. मग दाराकडं बघून आवाज खाली आणला. "तुमच्या भाच्याचं तेवढं बदलून टाका. कुणाशी अदलाबदल करायची ते तुम्हाला दिसतंय. मी काही बघितलं नाही."

मास्तर उभा होता, खोडरबर मुठीत. मला वाटलं, आता हो म्हणेल. तो म्हणाला, "आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं माझ्या हातात असतं, तर तुम्हाला गुपचूप सांगितलं असतं का?"

"सकाळी सांगतो," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला शिव्या घातल्या. अरे, दोन घरं सुधारतात, कुणाचं काही जात नाही, सांगायचं काय त्यात सकाळी? तो म्हणाला, आजवर फूटपट्टी ठेवली ती कशासाठी मग. आणि गल्लीत शेजारणीला काय तोंड दाखवू, तिचीही तीन आहेत. मी म्हणालो, तिला तोंड दाखवायला मास्क आहे. त्याला हसू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो माझ्याआधी येऊन मॅडमच्या दाराशी उभा होता. रात्रभरात निवळला असावा, किंवा हरला असावा. मॅडम आल्या तसा म्हणाला, "बदलतो मी. भाच्याचं."

मॅडमनी पर्स ठेवली, कॉम्प्युटर लावला, आणि पडदा त्याच्याकडं फिरवला. पहाटेच वरून पत्र आलं होतं. ओळखीपाळखीनं कुठल्याशा हद्दीत कुणी नावं बदलली होती, तक्रार झाली होती, म्हणून आता एकाही विद्यार्थ्याचा गट कुठल्याही कारणानं बदलायचा नाही. याद्या वरूनच बंद करून टाकल्या होत्या. मॅडमनी त्याला दाखवायला म्हणून भाच्याच्या ओळीवर माऊस दाबला. ओळ हलली नाही.

"काल हलत होती," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. त्यामुळं जास्त लागलं असणार.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मास्तर मला म्हणाला, चल घरी माझ्याबरोबर. एकट्याचा त्याचा पाय उचलत नव्हता. चिमी घरच्या शिलाई मशीनवर होती. बारका मशीनखाली बसून पायडलमध्ये बोट घालू बघत होता, त्याला तिनं पायानंच बाजूला सारला. मास्तरनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चूक छपाईची नव्हती, माझी. दुरुस्त केली, पण ती महिनाभर लागू व्हायची नाही. इथंच थांबला असता तरी चाललं असतं. पण तो माणूस उत्तराबरोबर पायऱ्याही लिहिणारा. म्हणाला, "काल तुझं एकटीचं बदलता आलं असतं. मॅडमनी सांगितलं होतं. मी ते आजवर ढकललं, आणि आज बंद झालं."

चिमीनं मशीन थांबवलं. सुईतला दोरा निघाला होता, तो ओवायला लागली. एकदा चुकला, दोनदा चुकला.

"हे मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. "नुसती यादी चुकली असती तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. आता रोज अंगणात तुझं तोंड दिसणार मला."

  बारक्यानं तेवढ्यात पायडलमध्ये बोट घातलंच आणि भोकाड पसरलं, त्यामुळं आमची सुटका झाली.

शनिवारी तिनं कारखान्यात फोन लावला. मुकादम वाईट माणूस नव्हता. पुढल्या खेपेला बघू म्हणाला. कॉलरच्या मशीनवर सोमवारपासून दुसरी मुलगी बसली. तिला पोरं नव्हती.

शाळा उघडली. फाटकावर फुगे लावले होते, एकेका पोराच्या कपाळाला ताप बघायचं यंत्र लावून आत सोडत होते. थोरली नव्या टिपेचा गणवेश घालून गेली. बारका घरी, आईच्या फोनपुढं. गुरुवारी तो गेला, ही घरी. पुढल्या आठवड्यात मी मास्तरला घ्यायला गेलो तर बारका फोन हातात धरून अंगणात आला आणि मामाला म्हणाला, "मामा, आज पण भिंतच शिकवली." गोलाला बांधलेला फोन त्याच्याच वर्गातला होता. मास्तरनं त्याच दिवशी शाळेत जाऊन त्या पृथ्वीखाली पुठ्ठ्याची पाचर ठोकली. तेवढं एक त्याच्या हातून बसलं.

बाकी तो रोज विचारायचा, वरून काही आलं का. रोज नाही. सुधारित आराखडा त्यानं सगळ्या शाळांचा करून ठेवला होता, मी गाड्यांसकट बसवून दिला होता. टेबलावर ठेवलेला असायचा, वर पेपरवेट. गल्लीतले लोक त्याच्याशी नीट बोलायचे, ती आणखी एक पंचाईत. शेजारीण तर म्हणाली, मास्तर, तुमचं गणित पक्कं म्हणून बरं, दुसऱ्या कुणी आमच्या पोरांचा काय घोळ घातला असता देव जाणे. तिला त्यानं खरं काय ते सांगितलं. तिला वाटलं, थट्टा करतोय.

महिना व्हायच्या आतच एका शाळेतले दोन शिक्षक आजारी पडले, मग दुसऱ्या शाळेतली एक बाई, मग पोरं. पुन्हा सगळ्या शाळांना कुलपं. फरशीवरच्या फुल्या तशाच राहिल्या. मी गाडीवाल्यांना नको सांगत सुटलो.

आणि बंद झाल्यावर आठवड्याभरात मंजुरी आली. सुधारित आराखडा योग्य असून शाळा सुरू असलेल्या सर्व ठिकाणी तात्काळ लागू करावा. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. मॅडमनी ते पत्र मास्तरच्या टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेल्या.

त्यानं ते घडी करून खिशात घातलं. संध्याकाळी आम्ही बरोबरच निघालो. चिमी अंगणात होती. तिनं तेव्हा घरीच मास्क शिवून द्यायला घेतले होते, पांढऱ्या कापडाचा मोठा तागा सतरंजीवर पसरला होता आणि वाऱ्यानं त्याचं एक टोक सारखं उलटत होतं. थोरली दुसऱ्या टोकावर बसली होती, बारका तिसऱ्यावर बस म्हटलं की बरोबर चौथ्यावर जायचा.

मास्तरनं पत्र काढून पुढं केलं. म्हणाला, "मंजूर झालं. दोघं एका गटात आली."

तिनं कात्री न ठेवताच ते वाचलं. पूर्ण वाचलं, शिक्क्यापर्यंत. मग त्याच्या हातात परत दिलं.

"शाळा बंद आहे ना दादा?"

"बंद आहे."

"मग हे टोक धर," ती म्हणाली. "घट्ट धर. हललं की वाकडं कापतं."

मास्तरनं पत्र दातात धरलं, कारण दोन्ही हातांनी कापड धरायचं होतं, आणि वाकून उभा राहिला. ती मधोमध गुडघ्यांवर बसून कापत निघाली. मी थोडा वेळ थांबलो. मग निघालो. गल्लीच्या वळणावरून मागं पाहिलं तेव्हाही तो तसाच उभा होता, वाकलेला, ते टोक धरून.